घेण्याचं माप, देण्याचं माप

२००१ साली लेबनॉनमध्ये तिसरीच्या मुलांसाठी इतिहासाचं नवं पुस्तक तयार झालं आणि शिक्षणमंत्र्यांनी ते अडवलं. कारण एकाच धड्यातलं. या भूमीवर कोण कोण आलं आणि गेलं, याची त्यात यादी होती आणि आल्या-गेलेल्यांच्या त्या रांगेत अरबही बसवले होते. एका बाजूचा आक्षेप असा की आम्ही अरबच, मग आम्ही आमच्याच घरात पाहुणे कसे? दुसऱ्या बाजूला असं मानणारे बरेच की आमची मुळं अरब येण्याच्या आधीची, फिनिशियन दर्यावर्दींपर्यंत जाणारी. आठ वर्षांच्या पोरांना वाचायच्या चार ओळी, पण त्यावर सगळा देश अडला.

तो अजून अडलेलाच आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियातल्या ताइफ गावी तिथल्या खासदारांनी पंधरा वर्षांचं युद्ध थांबवण्याचा करार केला. त्यात राज्यकारभाराच्या कलमांबरोबर एक कलम असंही होतं, की इतिहासाचं आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक सगळ्यांना एकच असावं. नागरिकशास्त्राचं झालं. इतिहासाचं झालं नाही. २०१२ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा २००५ च्या आंदोलनाला अभ्यासक्रमात कुठलं नाव द्यायचं यावरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी झटापट झाली. शाळेत अजून १९७० च्या आसपासचा जुना अभ्यासक्रम चालतो. तो स्वातंत्र्यापाशी, म्हणजे १९४३ ते ४६ च्या सुमाराला येऊन थांबतो. पुढं पानं कोरी.

शाळा गप्प बसली म्हणून मुलं कोरी राहत नाहीत. शाळा गप्प बसली की घर बोलतं. आजी सांगते, मामा सांगतो, आणि प्रत्येकाच्या घरात एकच बाजू राहायला असते. आपण बायका हे चांगलं जाणतो. भाऊबंदकीची हकीकत मुलांना कोर्टाच्या कागदावरून कळत नाही, ती आपण पोळ्या लाटताना बोलतो त्यातून कळते.

माझा प्रश्न त्या कोऱ्या पानांचा आहे. जो देश पुन्हा पुन्हा आपसांत लढला, त्याचा निःपक्षपाती इतिहास लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं? लेबनॉन मी मुद्दाम घेतला. देश लहान. आपल्या सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांची जमीन एकत्र केली तर त्याच्याहून दुप्पट भरेल. त्यात अठरा मान्यताप्राप्त धर्मपंथ. मरोनाइट ख्रिश्चन, सुन्नी, शिया, द्रूझ, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि आणखी कितीतरी. पूर्ण शिरगणती शेवटची झाली ती १९३२ साली, फ्रेंचांच्या अमलात. त्यानंतर मोजायचीच हिंमत कुणी केली नाही, कारण राष्ट्राध्यक्ष मरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया ही वाटणी त्याच आकड्यांवर उभी. स्वतःची माणसं मोजायला भिणारा देश स्वतःची मढी कशी मोजणार?

आता भांडणांचा पाढा थोडक्यात. १८४० च्या दशकात लेबनॉनच्या डोंगरात मरोनाइट आणि द्रूझ एकदा सोडून दोनदा लढले. डोंगराचे उत्तर-दक्षिण दोन भाग करून पाहिले, त्यानं उलट आग वाढली. १८६० च्या उन्हाळ्यात द्रूझांनी ख्रिश्चनांची गावंच्या गावं कापली आणि ती लाट जुलैत दमास्कसपर्यंत गेली. मग स्वातंत्र्यानंतर १९५८. राष्ट्राध्यक्ष शामून यांना मुदतीपुढं खुर्ची हवी आहे असा संशय, शेजारी नासरच्या अरब एकीचं वारं, आणि जुलैत अमेरिकन सैनिक बैरुतच्या वाळूवर उतरले. आणि मग १९७५ ते १९९०. या शेवटच्या युद्धात सुमारे दीड लाख माणसं मेली असं सांगितलं जातं, आणि सुमारे सतरा हजार बेपत्ता.

या प्रत्येक युद्धाचा शेवट पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. १८६० च्या तहात दोन्ही पक्षांनी मान्य केलं ते असं, की झालं ते झालं, मागचं कुणी उकरायचं नाही. १९५८ संपलं तेव्हाची घोषणा होती, कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं माफीचा कायदा केला आणि युद्धातले टोळीप्रमुख कोट घालून मंत्री झाले. लोकांच्या बोलण्यात तर युद्ध हा शब्दही टाळला जातो. ‘अहदास’ म्हणतात, म्हणजे नुसत्या ‘घटना’. किंवा म्हणतात, ती दुसऱ्यांची लढाई होती, आमच्या अंगणात झाली एवढंच. यात खोटं नाही. पॅलेस्टिनी संघटना होत्या, सीरियाचं सैन्य १९७६ ला आलं ते २००५ ला गेलं, इस्राएलनं १९७८ आणि १९८२ साली स्वारी केली. पण शेजारच्या गल्लीतल्या माणसाला ओळखपत्रावरचा धर्म वाचून रस्त्यावर उतरवणारे हात पुष्कळदा गल्लीतलेच होते.

आता निःपक्षपात. बहुतेकांच्या मनात त्याचं जे चित्र असतं, ते आईच्या धपाट्याचं. दोन पोरं भांडत आत येतात, चुलीवर दूध उतू जात असतं, आणि आई दोघांच्याही पाठीत एकेक घालते. ‘टाळी एका हातानं वाजत नाही!’ घर शांत होतं. आईला शांतता हवी असते आणि ती मिळते. पण ज्याची पाटी फुटली त्याला माहीत असतं की हा न्याय नव्हता, आणि ज्यानं फोडली त्यालाही माहीत असतं, ही त्याहून वाईट गोष्ट. देशाच्या इतिहासात ‘सर्वच बाजूंनी अत्याचार झाले’ हे वाक्य असा धपाटा असतो. वाक्य खरंच असतं. त्यात काहीच सांगितलेलं नसतं, म्हणून ते कुणी नाकारत नाही.

मला आपल्यातला दुसरा दाखला जास्त उपयोगाचा वाटतो. आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात घोकले आहेत. त्यात हीनाधिक मानोन्मान हा एक आहे. घेताना मोठं माप, देताना लहान. लक्षात घ्या, याला आपल्या आचार्यांनी खोटं बोलण्याच्या खाती टाकलं नाही, चोरीच्या खाती टाकलं. असा व्यापारी खोटं कुठं बोलतो? तो मोजूनच देतो. फक्त मापं दोन.

लेबनॉनची पुस्तकं, आठवणी, भाषणं यांत हीच दोन मापं सापडतात. आपली माणसं मारली गेली ती ‘कत्तल’, आपण मारली ती ‘कारवाई’. आपला पोरगा ‘हुतात्मा’, त्यांचा ‘बंदूकवाला’. आपलं गाव ‘रिकामं केलं गेलं’, त्यांचं गाव ‘रिकामं झालं’. क्रियापदाच्या पोटात केवढी चोरी मावते पाहा.

एकच माप लावायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणावर करून पाहू. १९७६ चा जानेवारी. बैरुतच्या बंदराजवळ कारांतिना नावाची गरीब वस्ती. पॅलेस्टिनी, कुर्द, शिया मजूर, सगळे पत्र्याच्या खोल्यांत. १८ जानेवारीला ख्रिश्चन टोळ्यांनी ती घेतली, शेकडो मारले, उरलेल्यांना हुसकून वस्ती जमीनदोस्त केली. दोन दिवसांनी, २० तारखेला, दक्षिणेला किनाऱ्यावरचं दामूर हे ख्रिश्चन गाव पॅलेस्टिनी आणि त्यांच्या सोबतच्या लढवय्यांनी घेतलं. तिथंही शेकडो मेले, वाचलेले होड्यांतून पळाले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला, लांबलेल्या वेढ्यानंतर, तेल अल-झातर ही पॅलेस्टिनी छावणी ख्रिश्चन टोळ्यांच्या हाती पडली. त्या छावणीतून जिवंत बाहेर पडलेल्यांना राहायला जागा कुठं दिली? दामूरच्या रिकाम्या घरांत.

इथं मी थोडी थांबते, कारण हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढं राजकारण येत नाही, स्वयंपाकघर येतं. दामूरमधल्या एखाद्या घराची फळी. तिच्यावर एका बाईनं मांडलेले डबे, आणि त्यात हात घालणारी दुसरी बाई, जिचं सगळं घरदार सात महिन्यांनी दुसरीकडं संपलं. पहिलीला विचारा, ती म्हणेल माझ्या घरात चोर शिरले. दुसरीला विचारा, ती म्हणेल मला पोरांसाठी छप्पर मिळालं. दोघींचंही खरं. पण म्हणून त्या दोघींच्या सत्याची बेरीज करून भागिले दोन करता येत नाही. इतिहासकारानं दोन्ही गावं कुणी घेतली, हुकूम कुणाचा होता, किती माणसं गेली, हे त्याच एका मापानं मोजायचं आणि आकडे कमीजास्त आले तर तसेच कमीजास्त लिहायचे. माप सारखं असावं. माल सारखा भरेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट त्या मापानं उघडी पडते. ‘ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान’ हे युद्धाचं नावच चुकीचं ठरतं. १९८५ पासून शियांची अमल संघटना पॅलेस्टिनी छावण्यांवर तुटून पडली. दशकाच्या शेवटी अमल आणि हिजबुल्ला हे दोन्ही शिया पक्ष एकमेकांशी लढले. १९९० मध्ये ख्रिश्चन सेनापती औन यांचं सैन्य आणि ख्रिश्चनांचीच लेबनीज फोर्सेस यांनी पूर्व बैरुत आपसांत भाजून काढलं. ज्या मावशी-मामांनी मुलांना फक्त ‘ते’ आणि ‘आपण’ असं सांगितलं, त्यांना या वर्षांचं काय करायचं कळत नाही. मग ती वर्षं घरातूनही गळतात.

आता मापाहूनही अवघड गोष्ट. सुरुवात कुठून करायची? पक्षपात विशेषणांत असतो असं आपण समजतो. तो बहुतेक वेळा पहिल्या ओळीतच होऊन गेलेला असतो. युद्धाची सुरुवात म्हणून १३ एप्रिल १९७५ हा दिवस सगळे सांगतात. बैरुतच्या ऐन अल-रुम्माने भागात पॅलेस्टिनींनी भरलेल्या बसवर कताएब पक्षाच्या लोकांनी गोळ्या झाडल्या, पंचवीसहून जास्त माणसं मेली. पण त्याच सकाळी त्याच भागात एका चर्चबाहेर, जिथं पक्षाचे पुढारी पिएर जमायेल आले होते, धावत्या गाडीतून गोळ्या सुटल्या होत्या आणि माणसं पडली होती. तुम्ही बसपासून सुरू केलंत की एक अपराधी, चर्चपासून सुरू केलंत की दुसरा. मरोनाइट म्हणेल, छे, १९६९ पासून सुरू करा, जेव्हा पॅलेस्टिनींना आमच्या देशात शस्त्रं बाळगायची मोकळीक दिली. पॅलेस्टिनी म्हणेल, १९४८ पासून करा, आम्ही हौसेनं आलो का? शिया म्हणेल, १९३२ च्या शिरगणतीपासून, आमच्या वाट्याची खुर्ची तिथंच गेली. म्हातारा द्रूझ आणि म्हातारा मरोनाइट दोघंही १८६० वर जाऊन पोचतील आणि तिथंही पहिला दगड कुणाचा यावर भांडतील.

अशा जागी आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला अनेकांतवाद आठवतो. आठवावाच, पण आपण तो फार स्वस्त करून ठेवला आहे. भाषणात कुणीतरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतं आणि शेवटी ‘ज्याचं त्याचं आपापल्या परीनं बरोबर’ म्हणून नारळ फोडतं. गोष्टीत असं नाही. सोंड धरलेला माणूस हत्ती म्हणजे सोंडच असं म्हणतो तेव्हा तो चूकच असतो. नय आणि दुर्नय यात आपल्या शास्त्रानं फरक केला आहे तो हाच. एका बाजूनं पाहिलेलं, आणि आपण एका बाजूनं पाहतो आहोत हे ठाऊक असलेलं, तो नय. दुसरी बाजू नाहीच असं म्हटलं की तो दुर्नय. ‘स्यात्’ चा अर्थ ‘कदाचित’ असा लावतात तेही चूक. ‘स्यात्’ म्हणजे ‘या अपेक्षेनं’. अंदाज सांगण्याचा तो शब्द नाही. कुठं उभं राहून बोलतोस ते आधी सांग, असा त्याचा दंडक आहे.

म्हणून इतिहासकारानं प्रत्येक सुरुवातीपुढं हे स्यात् लावावं असं मला वाटतं. खुर्च्यांच्या वाटणीच्या अपेक्षेनं युद्ध १९३२ पासून. शस्त्रांच्या अपेक्षेनं १९६९ पासून. निर्वासितांच्या अपेक्षेनं १९४८ पासून. गोळीबाराच्या अपेक्षेनं १३ एप्रिलची सकाळ, दुपार नव्हे. या चारही सुरुवाती एका पुस्तकात मावतात. मात्र बसमध्ये बसलेली माणसं मेली की नाही, याला स्यात् लागत नाही. ते कुठल्याही कोपऱ्यातून पाहिलं तरी मेलेलेच असतात.

आम्ही सीमाभागातल्या बायका हे जरा लवकर समजू शकू असं मला वाटतं. बेळगावात १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सव असतो आणि दुसऱ्यावर काळा दिन. एकाच बस्तीत, एकाच अभिषेकाला शेजारी उभ्या असलेल्या दोन जावा, एकीचं माहेर कन्नड, दुसरीचं मराठी, त्या दिवशीची हकीकत आपापल्या मुलांना वेगवेगळी सांगतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात. आमच्या वादाची बरोबरी त्या युद्धाशी करणं अडाणीपणाचं होईल. फक्त एवढंच, की एकाच अंगणाला दोन इतिहास असतात हे आम्हाला पुस्तकात वाचून कळावं लागत नाही.

मग हे लिहायचं कुणी? ‘तटस्थ’ माणसानं, असं उत्तर येतं. शब्दच पाहा. तटावर उभा असलेला, ज्याचे पाय भिजले नाहीत असा. बैरुत शहर युद्धात मधोमध फाटलं होतं, पूर्व आणि पश्चिम, मध्ये निर्मनुष्य पट्टा. त्या शहराला तट उरलाच नव्हता. आणि दूर देशी बसलेल्या कोरड्या पायांच्या पंडितांनीही काही फार सरळ मापं वापरली असं नाही. मला मिखाईल मिशाका आठवतो. दमास्कसचा ख्रिस्ती वैद्य. १८६० मध्ये जमावानं त्याला पोरांसकट रस्त्यात गाठून जखमी केलं. अमीर अब्दुलकादिर या अल्जेरियाच्या मुसलमान सरदारानं त्या दिवसांत हजारो ख्रिश्चनांना आसरा दिला, मिशाकाही त्यांच्यातच वाचला. पुढं १८७३ साली त्यानं सगळं लिहून काढलं. मारणाऱ्यांना त्यानं सोडलं नाही, तुर्की अधिकाऱ्यांना सोडलं नाही, आणि आपल्या ख्रिश्चन लोकांचा उर्मटपणाही लपवला नाही. अंगावर जखमा असलेल्या माणसाचं हे माप!

आपल्या काळातले कमाल सलिबी तसेच. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात इतिहास शिकवणारे, घराणं प्रॉटेस्टंट, म्हणजे मोठ्या पंथांपैकी कुठल्याच नव्हे. युद्ध चालू असतानाच, १९८८ साली, त्यांचं एक पुस्तक आलं, नावाचा अर्थ ‘अनेक दालनांचं घर’. त्यात त्यांनी एकेका पंथाची लाडकी पूर्वजकथा उचलून कागदपत्रांच्या उजेडात धरली. फिनिशियन मुळांची कथा टिकली नाही. धर्मछळातून पळून डोंगरात आसरा घेतल्याची कथा जशी सांगतात तशी टिकली नाही. अरब राष्ट्र जणू सदासर्वकाळ एकसंध होतं, हेही टिकलं नाही. प्रत्येक वाचकाला यात एक पान झोंबलं असणार. मला हे पुस्तक आवडतं ते त्या झोंबण्यामुळं नव्हे. त्यांनी १९६५ साली आधुनिक लेबनॉनचा इतिहास लिहिला होता. युद्ध पाहिल्यावर त्या इतिहासाच्या पायालाच त्यांनी पुन्हा हात घातला.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. एखादी लेबनीज आई म्हणेल, ‘ताई, तुम्ही लांब बसून पानं उघडायला सांगता. आमच्याकडं पान उघडलं की बंदूक निघते. विसरलो म्हणून तर जगलो.’ मला हे पटतं. पंधरा वर्षांनंतर बंदुका खाली ठेवायच्या तर हातात बंदूक असलेल्यांना काहीतरी द्यावंच लागणार होतं. शिक्षेची माफी दिली नसती तर ताइफची सही कुणी केली असती?

पण माफी कशाची, हे विचारायला हवं. आपल्याकडं क्षमावाणीच्या दिवशी आपण हात जोडतो, त्याच्या आधी काय असतं? आलोचना. काय केलं ते गुरूपुढं तोंडानं सांगायचं, एकेक. मग प्रायश्चित्त, मग क्षमा. सांगण्याची पायरी गाळून एकदम क्षमेवर उडी मारायची सोय कुठल्याही प्रतिक्रमणात नाही. लेबनॉनच्या १९९१ च्या कायद्यात ती होती. कुणी काही सांगायचं नव्हतं. आणि त्याच कायद्यात एक अपवाद होता, तो वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. राजकीय आणि धार्मिक पुढाऱ्यांच्या खुनांना माफी नव्हती. म्हणजे पुढाऱ्याला मारलं तर गुन्हा जिवंत, शेजारणीच्या नवऱ्याला मारलं तर माफ. हीनाधिक मानोन्मान म्हणतात ते हेच. शिक्षा माफ करायचा अधिकार एखाद्या संसदेला असेल. सांगण्याची माफी देण्याचा अधिकार, मला वाटतं, तिला नव्हता. तो ज्यांची माणसं गेली त्यांचा होता.

त्या बायकांनी तो सोडलाही नाही. १९८२ च्या सप्टेंबरात वदाद हलवानी या शिक्षिकेच्या नवऱ्याला चौकशीच्या नावाखाली घरातून नेलं, तो परत आला नाही. तिनं नोव्हेंबरात रेडिओवरून आवाहन केलं, की ज्यांची माणसं अशी गेली त्यांनी अमुक ठिकाणी यावं. पाच-दहा नव्हे, शेकडो बायका आल्या. त्यांची समिती झाली. तीत ख्रिश्चन होत्या, सुन्नी, शिया, द्रूझ, पॅलेस्टिनी होत्या. जरा विचार करा. एकीचा मुलगा टोळीत बंदूक घेऊन उभा असेल, आणि दुसरीच्या नवऱ्याची गाडी नाक्यावर अडवणारा तोच असेल. पुढं तोही कुठंतरी गायब झाला असेल. या दोघी एकाच फलकाची दोन टोकं धरून उभ्या राहिल्या. त्यांना एकमेकींवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकमेकींच्या माणसाचं नाव यादीतून गाळलं नाही, एवढं खरं.

१९९५ मध्ये सरकारनं सोय काढली की बेपत्ता माणसाला चार वर्षांनी मृत घोषित करून घेता येईल. २००० साली चौकशी मंडळानं तर सरसकट तसंच समजावं असं सांगून हात झटकले. बायका म्हणाल्या, मेलेला म्हणून सही आम्ही का करायची? तुम्ही सांगा तो कुठं पुरला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात, छत्तीस वर्षांनी, बेपत्तांच्या नातलगांना कळण्याचा हक्क देणारा कायदा झाला, आणि २०२० मध्ये त्यासाठी आयोग नेमला गेला.

यादी म्हणजे इतिहास नव्हे, हे मला मान्य आहे. नाव, वय, तारीख, शेवटचं कुठं दिसलं, अंगावर कोणता सदरा होता. का, हे यादी सांगत नाही. पण त्या देशात आजवर सगळ्या पंथांची माणसं एका मापानं मोजलेला कागद मला दुसरा दिसत नाही, आणि तो इतिहासाच्या प्राध्यापकांनी लिहिलेला नाही.

मधल्या काळात तिथल्या काही इतिहास शिक्षकांनी सरकारी पुस्तकाची वाट पाहणं सोडलं. २०१३ पासून त्यांची एक संघटना आहे. वर्गात एकच हकीकत शिकवण्याऐवजी एकाच दिवसाविषयीचे दोन-तीन कागद मुलांपुढं ठेवायचे आणि हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, तेव्हा तो कुठं उभा होता, हे त्यांनाच शोधायला लावायचं, अशी पद्धत ते शिक्षकांना शिकवतात.

तिसरीच्या पुस्तकासाठी १३ एप्रिल १९७५ वर चार ओळी मीही लिहून पाहिल्या. त्या अशा: ‘तो रविवार होता. सकाळी एका चर्चबाहेर गाडीतून गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघं मेले. त्या कुणी झाडल्या यावर अजून एकमत नाही. त्याच दिवशी त्याच भागातून जाणाऱ्या बसमधल्या पंचवीसहून जास्त पॅलेस्टिनींना कताएब पक्षाच्या बंदूकधाऱ्यांनी मारलं. या सगळ्यांना घरी कुणीतरी वाट पाहत होतं.’ शेवटची ओळ मी खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. तिसरीच्या मुलीसाठी ती ठेवावी की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.